किल्लारीची साखळी

शब्दकोशात 'साखळी' हा शब्द काढून पाहिला तर अर्थ साधा आहे. एकात एक अडकवलेल्या कड्यांची माळ. पण शब्दकोश गावात राहत नाही. गावात बैलाच्या गळ्यात साखळी असते, कुत्र्याच्या गळ्यात असते, दाराला कडी-साखळी असते, सावकाराच्या लेकराच्या कमरेला चांदीची साखळी असते. आमच्या लेकरांच्या कमरेला काळा करगोटा असायचा, म्हणून ती आम्ही लांबून पाहिली. तालुक्याला आले की कचेरीसमोर साखळी उपोषण दिसते. पावसाळ्याआधी नाल्यावर साखळी बंधारे होतात, मैदानावर साखळी सामने होतात, आणि बेरोजगार पोरांना दोन वर्षांत लखपती करून देणारी साखळी पद्धतीची मार्केटिंगही याच शब्दावर पोट भरते. शब्द एक आणि अर्थ छप्पन. त्यातले काही अर्थ बांधून ठेवणारे आहेत, काही जोडून देणारे. बांधणारी साखळी कोणती आणि जोडणारी कोणती, हे ओळखता येत नाही तिथेच आपला घात होतो. किल्लारीला जाऊन आल्यापासून आम्हाला असे वाटू लागले आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यातला माणूस विसरलेला नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून लोक रात्री उशिरा घरी आले, दाराला कडी-साखळी लावून झोपले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी आणि उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यातील सास्तूर ही गावे क्षणात दगडमातीचे ढीग झाली. एकट्या सरकारी हिशेबाने सुमारे आठ हजार माणसे मेली. त्या वेळच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित पट्ट्यात दाखवलेला होता. ऑक्टोबर १९९२ पासून किल्लारीच्या जमिनीखालून आवाज येत होते, हादरे बसत होते. गावकरी घाबरून घराबाहेर झोपत होते. पण नकाशात नाही म्हटल्यावर गावकऱ्याच्या पाठीला बसलेला हादरा खरा कसा मानायचा? पुढे २००२ साली नकाशा बदलला आणि हा पट्टा वरच्या धोक्याच्या वर्गात गेला. आधी माणसे मेली, मग कागद सुधारला.

आम्ही ज्यांच्या ओसरीवर बसलो होतो ते चळवळीतले जुने कार्यकर्ते आहेत. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. जयभीम झाल्यावर चहा आला आणि बोलता बोलता त्यांनी दाराकडे बोट दाखवले. म्हणाले, "सर, त्या दिवसापासून मी दाराला साखळी लावत नाही बगा. बायको लावते, मी रात्री उठून काढतो. तीस वर्षं झाली, आमचं हेच चाललंय." त्या रात्री शेजारच्या आळीत आतून कोणी तरी दार बडवत होते, साखळी हाताला लागत नव्हती, आणि मग भिंतच आली. तो बडवण्याचा आवाज त्यांच्या कानातून गेलेला नाही. चोरापासून राखण करणारी साखळी त्या पहाटे घरच्याच माणसाला आत कोंडून राहिली.

खरे तर भूकंपाने माणसे मारली नाहीत, भिंतींनी मारली. हे आमचे मत नव्हे. पडलेल्या घरांचा अभ्यास करणाऱ्या अभियंत्यांनीच हे नोंदवून ठेवले आहे. या भागातली जुनी घरे म्हणजे दगड आणि माती. भिंत दोन-अडीच फुटांपासून चार-पाच फुटांपर्यंत जाड. बाहेरून एक दगडी थर, आतून दुसरा दगडी थर, आणि मध्ये भर म्हणून बारके दगड आणि चिखल. वर लाकडाचे खण, फळ्या, आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या टाकत आणलेली माळवदाची माती, एक-दोन फुटांची. भिंत जेवढी जाड तेवढा मालक मोठा, असा गावातला समज. पण या दोन थरांना आरपार जोडणारा लांब दगड भिंतीत घातलेलाच नसायचा. दोन्ही थर एकमेकांना टेकून उभे, पण एकमेकांचे कोणीच नाहीत. जमीन हलली तेव्हा आतला थर आत पडला, बाहेरचा बाहेर पडला आणि वरचे माळवद झोपलेल्या माणसांवर बसले.

वाचकहो, हे वाचून आपल्याला गावगाडा आठवला नाही तरच नवल! वरून बघावे तर केवढी भक्कम भिंत. गाव करील ते राव काय करील, म्हणायचे. पण एक थर गावकुसाच्या आत, दुसरा गावकुसाबाहेर, आणि मध्ये चिखल. दोघांना आरपार जोडणारा एकही दगड घालायचा नाही, असा या भिंतीचा नियमच आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. किल्लारीच्या ढिगाऱ्यासमोर उभे राहिले की ती उपमा पुस्तकातली राहत नाही.

त्या पहाटेविषयी एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. मोठे दगडी वाडे आडवे झाले आणि कुडाच्या, गवताच्या, पत्र्याच्या हलक्या झोपड्यांतली माणसे बरीच वाचली. गोष्ट खरी आहे, कारण हलके छप्पर डोक्यावर पडले तरी माणूस मरत नाही. पण आपल्यातले काही जण ती ज्या चवीने सांगतात ती आम्हाला मान्य नाही. एक तर या भागात दगड फुकटचा, त्यामुळे आमच्याही अनेकांची घरे दगडमातीचीच होती आणि आमचीही माणसे गेली. आणि दुसरे, वाड्याखाली दबलेले लेकरू कोणत्या जातीचे होते याचा हिशेब मांडून समाधान मानायला तथागताने आपल्याला शिकवलेले नाही.

ढिगारे उपसले गेले तेही साखळीने. माणसे ओळीने उभी राहिली आणि घमेले या हातातून त्या हातात गेले. वरून पाऊस. कोणाचे प्रेत कोण उचलतो याची त्या दोन-चार दिवसांत कोणी चौकशी केली नाही. आमचे यजमान म्हणाले, "घमेल्याला जात नव्हती सर. टँकर आला आन् जात बी आली." एवढेच बोलले आणि गप्प झाले. आम्हीही खोदून विचारले नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. १९९४ साली जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्र शासनाने भूकंप पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. बावन्न गावे जुनी जागा सोडून नव्या जागेवर वसवायची ठरली. तडे गेलेली लाखाहून अधिक घरे जागच्या जागी दुरुस्त आणि बळकट करायची होती. काम प्रचंड होते आणि बऱ्याच अंशी झालेही, हे नाकारण्याचे कारण नाही. नव्या गावांत रस्ते रुंद आले, सिमेंटची घरे आली, ज्यांनी आयुष्यात पक्की भिंत पाहिली नव्हती त्या भूमिहीनालाही स्वतःच्या नावाचे घर मिळाले. शासनाच्या पदरातले हे माप आम्ही काढून घेणार नाही.

पण घराचे माप काय होते? भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फूट. सात हेक्टरांच्या वर जमीन असेल त्याला ७५० चौरस फूट. घर पडले सर्वांचे, रडले सर्व जण, सरणे सर्वांची सारखीच जळाली. पण नवे घर मोजताना पडलेले घर पाहिले नाही, घरातली माणसे मोजली नाहीत, सातबारा पाहिला. सांगितले असे गेले की, शेतकऱ्याला धान्य ठेवायला, अवजारांना, गुरांना जागा लागते. लागते, कबूल. मग मजुराच्या घरात सात माणसे असतील तर त्यांना पाय पसरायला जागा लागत नाही काय? बैलाची जागा मोजणाऱ्या योजनेत मजुराच्या म्हातारीची जागा का मोजली गेली नाही? योजनेत जातीचा शब्द कुठेही नव्हता. तशी गरजच नव्हती. मराठवाड्यातला भूमिहीन कोण, हे लहान पोरही सांगेल.

इथे आम्हाला साखळीचा आणखी एक अर्थ आठवला. जमीन मोजणारी साखळी. आज मोजणीला यंत्रे आली आहेत, पण जुन्या मोजण्या शंकू-साखळीने झाल्या. आपल्याकडची मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे सोळा आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. त्या हिशेबाने २५० चौरस फूट म्हणजे पाव गुंठाही भरत नाही. सोळा आण्यांतले पुरते चार आणेसुद्धा नाहीत!

या मोजणीशी आमच्या वाडवडिलांचे नाते विचित्र होते. गावाची शीव कुठून कुठे जाते, कोणत्या चिंचेपासून कोणत्या ओढ्यापर्यंत, हे सोळा आणे माहीत असणारा माणूस म्हणजे गावकामगार महार. दोन गावांचा शिवेचा तंटा पेटला की त्याला उभे करायचे. त्याची साक्ष अखेरची. सबंध गावाची हद्द ज्याच्या डोक्यात, त्याच्या नावावर मात्र गावाच्या चाकरीपोटी दिलेला हाडोळ्याचा तुकडा, आणि तोही भावकीत वाटून वाटून चिंधी झालेला. त्या तुकड्यापायी रात्री-अपरात्री कोणीही हाक मारावी आणि याने 'जी' म्हणून धावावे. मुंबई इलाख्यात १८७४ च्या वतन कायद्याने ही चाकरी कागदोपत्री बांधून टाकली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायदा दुरुस्तीचे विधेयक मांडले ते ही साखळी तोडण्यासाठी. तेव्हा आपल्यातलेच काही जण घाबरले होते. वतन गेले तर तुकडा जाईल, तुकडा गेला तर गावातला मान जाईल! कसला मान? पण साखळी अशीच असते. जिच्यावर थोडे चांदीचे पाणी दिलेले असते ती साखळी माणूस स्वतःच धरून बसतो. वतने कायद्याने जायला १९५८ उजाडावे लागले.

याच ठिकाणी मार्क्स आणि बाबासाहेब यांच्यातला फरक समजून घेतला पाहिजे. कामगारांकडे गमावण्यासारखे बेड्यांशिवाय काही नाही, असे मार्क्सने १८४८ च्या जाहीरनाम्यात म्हटले आणि ते जगभर गाजले. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि मंडळाने होऊ न दिलेले भाषण बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतः छापले. त्यात त्यांनी स्पष्ट दाखवून दिले की, ही घोषणा जातिव्यवस्थेविरुद्ध हिंदूंना उठवायला निरुपयोगी आहे. कारण इथे कोणाला कमी, कोणाला जास्त असे हक्क इतक्या हुशारीने वाटले आहेत की, प्रत्येकाजवळ बेडीशिवाय काहीतरी गमावण्यासारखे असतेच. प्रत्येकाच्या खाली कोणीतरी आहे. आपली कडी सुटली तर आपण खालच्या कडीच्या बरोबरीला येऊ, या भीतीने प्रत्येक कडी वरच्या कडीला घट्ट धरून बसते.

आता पुन्हा ते आकडे वाचा. २५०, ४००, ७५०. चारशेवाल्याला साडेसातशेवाल्याचा हेवा आहे, पण त्याहून मोठे समाधान हे आहे की आपण अडीचशेवाले नाही. एक हेक्टरच्या रेषेच्या थोडे अलीकडे आणि थोडे पलीकडे असलेल्या दोन भावक्यांत तेव्हा जे वैर आले ते आजही मिटलेले नाही, असे गावात ऐकायला मिळते. आमच्यातही ज्याच्या नावावर हाडोळा टिकला तो वेगळा झाला. एका रात्रीत सारे गाव उघड्यावर आले होते. वाडा नाही, पार नाही, वेस नाही. आळ्यांचा नकाशा पुसला गेला होता. हजार वर्षांत एकदा मिळावी अशी कोरी पाटी हातात आली होती. तिच्यावर पहिली रेघ ओढली गेली ती जुन्याच साखळीने.

याला उत्तर काय, तर जमीन. हे चळवळीने फार आधी ओळखले होते. भूमिहीनांचा सत्याग्रह मराठवाड्यात १९५३ साली झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने १९६४-६५ मध्ये देशभर जेल भरले. गायरानाच्या लढ्यातूनच २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय निघाला, ज्याने १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलितांची गायरानावरील अतिक्रमणे कायम करण्याचे मान्य केले. निर्णय निघून दोन वर्षेही झाली नव्हती तोवर भूकंप आला. गायरान कसणाऱ्याच्या नावावर सातबारा झाला असता तर पुनर्वसनाच्या यादीत त्याची ओळ वर सरकू शकली असती. सातबारा नाही म्हणून तो भूमिहीन. भूमिहीन म्हणून अडीचशे फूट. ही कडीत कडी पाहा, वाचकहो.

आणखी एक तारीख आपण विसरतो. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा आणि मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मध्ये साडेतीन महिने! इकडे ढिगारे उपसले जात होते आणि तिकडे सोळा वर्षांचा नामांतराचा लढा शेवटच्या टप्प्यावर होता. त्याच नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतले. २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला, त्यानंतर मराठवाडाभर आमच्या वस्त्या जळाल्या, पोचीराम कांबळे यांना मारले गेले. १९७८ च्या जळिताने किती घरे गेली, त्यांना कोणती बँक धावून आली, त्यांच्यासाठी चौरस फुटांचा कोणता तक्ता तयार झाला? जमीन हलते तेव्हा त्याला आपत्ती म्हणतात. गाव उठते तेव्हा त्याला 'भावनेचा उद्रेक' म्हणतात. दोन्ही वेळी घर आमचेच जाते.

नामांतराच्या काळात आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी साखळी उपोषणाला बसत असू. त्या प्रकाराला नावे ठेवणारे तेव्हाही होते. आज हा बसतो, उद्या तो बसतो, संध्याकाळी घरी जाऊन जेवतो, हा कसला त्याग, म्हणायचे. ज्याच्या घरी धान्याची कणगी भरलेली आहे तो आमरण बसू शकतो. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते तो एक दिवस मजुरी बुडवून बसला तर तोच त्याचा त्याग. दुसऱ्या दिवशी त्याची जागा दुसऱ्याने घ्यायची, तिसऱ्या दिवशी तिसऱ्याने. मांडव रिकामा पडू द्यायचा नाही. साखळी उपोषण हे गरिबाने गरिबासाठी शोधलेले हत्यार आहे. दुर्दैव हे की, ही जोडणारी साखळी आपल्याच नेत्यांना पेलली नाही. एका पक्षाचे किती गट झाले ते मोजायला आता मोजणीदारच बोलवावा लागेल.

भूकंपानंतर दुरुस्तीच्या कामात एक वेगळी साखळी मात्र उभी राहिली होती, तिची नोंद केली पाहिजे. गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले गेले. शासनाची मदत काय आहे, हप्ता कधी मिळतो, भिंत कशी बळकट करायची, हे त्या घरोघर सांगत. भिंतीला आरपार भोक पाडून, त्यात सळई घालून, सिमेंटने भरून दोन्ही थर एकमेकांना कसे जोडायचे, हे ज्या बायकांना कधी गवंड्याशी बोलायची मुभा नव्हती त्या गवंड्याला विचारू लागल्या. दारा-खिडक्यांच्या वरून घराभोवती सलग पट्टा ओतला की चारही भिंती एकमेकींचे हात धरतात, हलल्या तर एकत्र हलतात, हेही त्यांनी शिकून घेतले. पक्क्या घराचे सारे रहस्य एवढेच आहे.

भूकंपानंतर 'देवाचा कोप' ही चर्चा फार झाली. विसर्जनात काय चुकले, कोणी काय शिवले, इथपर्यंत मजल गेली. धम्म स्वीकारलेल्या माणसाने या चर्चेत पडण्याचे कारण नाही. तथागताने प्रतीत्यसमुत्पाद सांगितला. बारा निदानांची ती साखळी. हे आहे म्हणून ते आहे, हे नसेल तर ते नसेल. कोपाला तिथे जागा नाही. भिंतीत आरपार दगड नव्हता म्हणून भिंत फुटली. भिंत फुटली म्हणून माळवद कोसळले. माळवद जड होते म्हणून माणूस मेला. तसेच, चाकरी वंशपरंपरेची म्हणून जमीन नाही, जमीन नाही म्हणून सातबारा नाही, सातबारा नाही म्हणून अडीचशे फूट. कारणांची साखळी असेल तर तिची कुठलीतरी कडी तोडता येते, यावर श्रद्धा ठेवायला देव लागत नाही.

आमच्या यजमानांचे घर त्या अडीचशे फुटांतलेच. तेव्हा घरात एक चूल होती. आता तीन मुलगे, तीन सुना, नातवंडे. पुढे पत्र्याचा सोपा काढला आहे, मागे ताडपत्रीची मोरी. वडील गायरानाचा तुकडा कसत होते, तोच पुढे हे कसत आले. तो नावावर करून मिळावा म्हणून केलेल्या अर्जांच्या पोचपावत्या त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या आहेत. आम्हाला त्या एकेक करून दाखवल्या. सर्वांत जुन्या पावतीवरचा शिक्का आता वाचता येत नाही. शेवटचा अर्ज मोजणीसाठीचा होता. मोजणीदार येणार म्हणून ते दोनदा मजुरी बुडवून बांधावर बसले, दोन्ही वेळा कोणी आले नाही. आम्ही उठलो तेव्हा म्हणाले, "तुमच्या पेपरात एवढं लिवा सर, साखळी धरायला आमी दोघं भाऊ तयार हाव. त्यांनी फकस्त यावं."